साखळीची वही

२०१८ साल. पोळा झाला आणि पाऊस जो गेला तो परत फिरकलाच नाही. अंबाजोगाईच्या आजूबाजूचं सोयाबीन शेंगा भरायच्या आत वाळलं आणि दसऱ्यालाच लोक टँकरची चौकशी करू लागले. त्याच सप्टेंबरात दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं निकाल दिला, की दोन पुरुष किंवा दोन बाया राजीखुशीनं एकमेकांच्या झाल्या तर तो आता गुन्हा नाही.

वनमालानं ती बातमी मेथी निवडता निवडता वाचली. पेपर खाली अंथरलेला होता आणि त्यावर देठं पडत होती. रस्त्यावर रंगीत झेंडा धरून दोघं रडताहेत, असा फोटो होता. "काय बाई एकेक," असं मनाशी म्हणून तिनं पुढची जुडी सोडली. तिचा मुलगा प्रविण कामावरून आला, त्यानं देठं बाजूला सारली, पेपर झटकला आणि तेवढा कागद घेऊन आतल्या खोलीत गेला. तिला वाटलं, मागच्या बाजूला क्रिकेटचं काही असेल.

वनमाला तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. छत्तीस वर्षं तिनं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढली, आधी घाटनांदूरला आणि मग अंबाजोगाईला. रिटायर झाल्यावर चर्चच्या मागच्या जुन्या मिशनच्या चाळीत दोन खोल्यांत राहू लागली. नवरा फार पूर्वी, प्रविण दोन वर्षांचा असताना, दुसरीचा हात धरून निघून गेला होता. प्रविण आता चौतिशीचा. एका लॅबोरेटरीत रक्त तपासायचा आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचा. अकराव्या वर्षी पहिल्यांदा पेटीला बसला, तेव्हा मांडीखाली दोन उशा घ्याव्या लागल्या होत्या. "पेटीला रडवावं तर सिस्टरच्या पोरानंच," असं म्हातारी माणसं म्हणायची. हा शब्द वनमालाला पगारापेक्षा मोलाचा वाटायचा.

चर्चच्या या मंडळीत एक जुनी चाल होती, तिच्यामुळंच पुढचं सगळं घडलं. बहात्तरच्या दुष्काळात निम्मे लोक खडी फोडायच्या कामावर गेलेले होते. उपासनेला कोणी यायचं नाही आणि कुणाच्या घरी काय दुखतंय ते कुणाला कळायचं नाही. तेव्हा केसरबाई म्हणून एक बायबलबाई होती, म्हणजे गावोगाव पायी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी. तिनं एक वही शिवली आणि घरोघर फिरवली. ज्याला जे मागायचं असेल त्यानं त्या वहीत लिहावं. हंगामाच्या सणाच्या, म्हणजे पहिलं पीक देवाला वाहायच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी साखळी लावायची. एकेका घरानं एकेक तास प्रार्थना करायची आणि तास संपला की वही पुढच्या घरी नेऊन द्यायची. वाचून प्रार्थना झाली की विनंतीसमोर बरोबरची खूण करायची. केसरबाईनं दोन नियम घालून दिले होते. साखळी तुटू द्यायची नाही, आणि वहीत आलेलं वहीतच राहील.

त्या वहीचं वनमालावर ऋण होतं. शहाऐंशी साली नवरा गेला त्याच महिन्यात ती टायफॉइडनं अंथरुणाला खिळली. पगार कुठंतरी अडकलेला, पोर पायाशी रडतंय, आणि मान अशी ताठ की शेजारी वाटीभर काही मागायला तोंड उघडेना. तिची मैत्रीण रतनबाई येऊन बघून गेली. मिशनच्या बोर्डिंगात नऊ वर्षांच्या असल्यापासून या दोघी एकाच चटईवर झोपलेल्या. ती वनमालाला काही बोलली नाही. वहीत मात्र तिनं एकच ओळ लिहिली : वनमालाच्या घरी पीठ नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा घरांचं पीठ आलं. कुणाचं ज्वारीचं, कुणाचं बाजरीचं, एकीनं तर चुकून बेसन दिलं. महिनाभर वनमालानं त्या मिसळीची भाकरी खाल्ली. तशी गोड भाकरी पुन्हा कधी लागली नाही, असं ती नेहमी सांगायची.

तर त्या वर्षी दिवाळीच्या आधी रतनबाई तिच्याकडं आली ती आपल्या भाचीचं स्थळ घेऊन. भाचीचं नाव करिष्मा.

"वनू, आता आनखी किती बघती? पोरगं चौतिशीला आलं. करिष्मा सिस्टर हाय, तुझ्यावानी. दोन सिस्टरा एका घरात म्हनल्यावर दवाखानाच टाका दारात."

"विचारते त्याला."

"इचारायचं काय त्यात? पेटीला इचारती का, वाजती का म्हनून?"

दोघी खूप हसल्या. हसतानाच वनमालानं मनात मांडवही घातला.

रविवारी दुपारी जेवताना तिनं विषय काढला. प्रविणनं घास खाली ठेवला.

"आई, त्या मुलीचं वाटोळं करू नकोस."

"कावून? काय कमी हाय तिच्यात?"

"तिच्यात काही कमी नाही." तो ताटावर वाकला. "तो पेपर आठवतो? कोर्टाचा निकाल आलेला? ते माझ्याबद्दल होतं, आई."

वनमालाच्या तोंडून निघालं, "झेंडा धरलेल्या त्या दोघांत तू कुठं होतास?"

प्रविण हसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला कळलं ते त्या पाण्यावरून. मग एकेक आठवू लागलं. सिरसाळ्याचा अमरसिंह. घरची धान्याची आडत असलेला उंचापुरा मुलगा. आठ वर्षं नाताळला न चुकता करंज्या खायला यायचा आणि आपलं ताट आपण घासायचा. परजातीचं पोर इतकं कसं आपल्या घरात रुळलं, याचं तिला कौतुक होतं.

"अमरसिंह?"

त्यानं मान हलवली.

"दोन गोष्टी मागतो," तो म्हणाला. "कोणाला सांगू नकोस. आणि माझ्यात बदल व्हावा म्हणून देवाकडं काही मागू नकोस. मी वीस वर्षं मागितलंय, गुडघे झिजवून. तुला माहीत असू दे, बस."

वनमालानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "न्हाई सांगत," ती म्हणाली. ते तिनं खऱ्या मनानं म्हटलं होतं. दवाखान्यात तिनं कुणाचा रिपोर्ट कधी सख्ख्या भावाच्याही हातात दिला नव्हता. कुणाचं मूल कुणाचं, कुणाला कसला रोग, अशी शेकडो गुपितं ती पोटात घेऊन रिटायर झाली होती. पण ती दुसऱ्यांची होती. हे पोटात राहीना. शास्त्रातली अशा नात्याविरुद्धची वचनं तिला पाठ होती; लहानपणी बक्षीस मिळवलेलं होतं. ती वचनं एकीकडं आणि ताटावर वाकलेलं आपलं पोर एकीकडं, अशा ओढाताणीत तिनं नऊ दिवस काढले.

त्या नऊ दिवसांत रतनबाई चारदा येऊन गेली. दहाव्या दिवशी वनमाला तिच्याकडं ज्वारी निवडू लागायला गेली, तेव्हा रतनबाईनं सूप आपटलं.

"सांग की तोंडानं! आमची पोरगी सावळी हाय म्हनून न्हाई ना? का माजा भाऊ ड्रायव्हर हाय म्हनून? तू मोठी सिस्टर, पेन्शनवाली. एकुनसाठ वर्सं एका ताटात जेवलो त्याचं ह्ये फळ व्हय?"

"रतन, तसं न्हाई ग."

"मग कसं हाय?"

आणि वनमालानं सांगितलं. अमरसिंहाचं नावसुद्धा सांगितलं. रतनबाईचा सुपातला हात तसाच राहिला. मग तिनं वनमालाचे दोन्ही हात धरले. धुळीनं माखलेले ते चार हात बराच वेळ एकमेकांत होते.

"माज्यापाशीच राहील ह्ये, वनू. येशूशपथ."

उठताना वनमाला म्हणाली, "प्रार्थनेत ठेव ग त्याला. देवानं त्याची दशा पालटावी."

हे वाक्य तिच्या तोंडातलं होतं. इतर लोक निघताना 'येते हं' म्हणतात तसं ती हे छत्तीस वर्षं प्रत्येक खाटेशी म्हणत आली होती. घरी परतताना तिला फार हलकं वाटलं. चालता चालता तिनं टपरीवरून पेरूसुद्धा घेतले. त्या हलकेपणाची तिला अजून लाज वाटते.

हंगामाचा सण नोव्हेंबरच्या एका रविवारी होता. शनिवारी पहाटे तीनपासून साखळी. वनमालाचा तास ठरलेला, दुपारी दोन ते तीन. तिच्या आधीचं घर मोहनरावांचं. मोहनराव मंडळीचे पंच होते, मोठ्या आवाजाचे, आणि सणाच्या लिलावात बोली पुकारायचं काम वर्षानुवर्षं त्यांचंच. त्यांची सून दर वेळी वही घेऊन आली की अर्धा तास सासऱ्याचे किस्से सांगत बसायची. त्या दिवशी तिनं वही उंबऱ्यावरच दिली आणि पाणीसुद्धा न पिता गेली. घाई असेल, असं वनमालाला वाटलं.

तिनं हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि वही उघडली. कुणाच्या बोअरला पाणी लागावं. कुणाच्या मुलाला बी.एड.ला जागा मिळावी. कुणाचा गुडघा. आणि सातवी ओळ, रतनबाईच्या उजवीकडं झुकलेल्या अक्षरात :

वनमालाबाईंचा मुलगा प्रविण हा पुरुषाच्या नादी लागला आहे. देवाने त्याची दशा पालटावी.

गुडघ्यापुढं बरोबरच्या सहा खुणा होत्या आणि बोअरपुढं आठ. सातव्या ओळीपुढं अकरा. एकही घर चुकलं नव्हतं. खाली हिरव्या शाईत कुणीतरी अंदाजानं भर घातली होती : सिरसाळ्याचा मनुष्य. आपल्यातला नाही. त्याखाली आणखी एक अक्षर, हे तिला चांगलंच ओळखू आलं, मोहनरावांचं : पेटीबद्दल पंचांनी विचार करावा.

अकरा घरांचं पीठ आलं होतं तशाच अकरा खुणा.

वनमालानं त्या तासाला प्रार्थना केली नाही. तीन वाजता वही पुढं चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरी न्यायची होती. तिनं ती ट्रंकेत साड्यांच्या खाली घातली, ट्रंक लावली आणि तिच्यावर बसून राहिली. बहात्तर सालापासून न तुटलेली साखळी तिनं तोडली. साडेतीनला कुणीतरी कडी वाजवली, चार वाजता पुन्हा वाजली. ती उठली नाही.

पाच वाजता प्रविण आला. दारात उभं राहूनच म्हणाला, "वही दे."

"तुला कुणी सांगितलं?"

"लॅबमध्ये तिघांचे फोन आले. एकानं विचारलं, उपवासाच्या शिबिराला चलतोस का."

त्यानं उभ्यानं ती ओळ वाचली. मग परत वाचली.

"हे अक्षर रतनमावशीचं. पण 'दशा पालटावी' हे मावशीचं बोलणं नाही. हे तुझं आहे, आई."

वनमालानं ट्रंकेची कडी लावली. तो ओरडला असता तर तिला सोसलं असतं. पण त्यानं डबा घासला, पालथा घातला, टॉवेल दोरीवर नीट टाकला आणि आतल्या खोलीत जाऊन बसला.

दिवेलागणीला शांतवन पाळकसाहेब आणि मोहनराव आले. पाळक चाळिशीचे होते, स्वभावानं वाईट नव्हते. त्यांची जुळी मुलं झाली ती वनमालाच्या हातावर. ते खुर्चीच्या कडेला टेकले.

"सिस्टर, आमच्या मनात प्रविणबद्दल द्वेष नाही. पाप वेगळं, पापी वेगळा. आपण पापाचा तिरस्कार करतो."

आतून प्रविण बाहेर आला. "मग तेवीस वर्षं पेटी कोण वाजवत होतं पाळकसाहेब, पाप की पापी?"

मोहनराव बोलले. "ह्ये बघ बाबा, कोर्टाला बोलायला काय जातंय! आपन मूठभर लोक. आधीच गाव म्हनतंय, ह्यांनी देव सोडला. आता म्हनंल, लाज बी सोडली. उद्या आपल्या पोरींना स्थळं कोन दील?"

"मोहनराव," वनमाला म्हणाली, "तुमचे आजे आन् माजे आजे गावच्या विहिरीवर चढू शकत नव्हते. मिशनच्या साहेबानं त्यांची दशा पालटायची वाट बघितली न्हाई. आधी पंगतीला बसवलं."

"ते जातीचं होतं, सिस्टर. ह्ये पापाचं हाय."

"तवाबी लोक पापच म्हनायचे त्याला. मागल्या जल्माचं."

पाळकांनी घसा खाकरला. ते हळू आवाजात म्हणाले, "मी मधला मार्ग सांगतो. उद्या सणाला प्रविणनं मंडळीपुढं उभं राहून एवढंच म्हणावं, की मी चुकलो. तीन महिन्यांनी पेटी पुन्हा त्याची. पंचांना मी समजावतो. त्याला जड जात असेल तर..." ते वनमालाकडं वळले. "त्याच्या वतीनं आईनं म्हटलं तरी चालेल."

प्रविणनं आईकडं बघितलं.

वनमालाच्या डोळ्यांपुढं त्या क्षणी काय काय आलं! उशांवर बसलेलं पोर, पेटी, म्हातारी माणसं, चर्चमधली रतनबाईशेजारची आपली जागा, आणि उद्या आपण मेलो तर खांदा द्यायला येणारी हीच माणसं. एकच वाक्य म्हणायचं होतं. त्याला लागणार नाही अशा आवाजात म्हणता येईल, असंही तिला वाटून गेलं.

"बघू," ती म्हणाली.

प्रविणनं मान फिरवली. पाळक वहीबद्दल विचारत होते, ते तिला ऐकू आलं नाही.

सकाळी प्रविण चर्चला निघाला नाही. वनमाला एकटी गेली. काखेत भोपळा होता. पाण्याचा असा ठणठणाट, तरी भांडी घासलेलं पाणी घालून घालून तिनं मोरीच्या कडेला वेल जगवला होता. त्याला धरलेला हा एकच लाल भोपळा. सणाला पहिलं फळ देवाला द्यायचं म्हणून तिनं तो राखून ठेवला होता. काय म्हणायचं ते अजून तिचं ठरलेलं नव्हतं.

चर्चमध्ये पेटीवर पांढरं कापड घातलेलं होतं. गाणी मोबाइलवरून लावली होती आणि मंडळी दर ओळीला मागं पडत होती. उपदेश झाल्यावर पाळक म्हणाले, "कुणाला उभं राहून साक्ष द्यायची आहे का?" आणि थेट तिच्याकडं बघितलं. ती उठली. बाकं करकरली, माना वळल्या. त्या कापडाकडं तिची नजर गेली आणि तिचं ठरलं.

"माज्या घरून भेट आनली हाय," ती म्हणाली. "एवढंच."

आणि खाली बसली.

उपासनेनंतर बाहेर लिंबाखाली लिलाव सुरू झाला. या लिलावाची गंमत अशी, की कुणी वस्तू घेतली की ती परत देवालाच देतो आणि तिच्यावर पुन्हा बोली लागते. एकच अंडं चार-चारदा विकलं जातं. दुष्काळामुळं त्या वर्षी वस्तू थोड्या होत्या, पण मोहनरावांचं तोंड थोडंच आटलं होतं! "घ्या घ्या, ही कोंबडी पंचांच्या मीटिंगपेक्षा कमी वरडती!" लोक हसत होते. मग त्यांनी भोपळा उचलला.

"सिस्टरच्या घरचा भोपळा," एवढंच ते म्हणाले.

कुणी बोललं नाही. दर वर्षी वनमालाच्या वस्तूवर पहिली बोली रतनबाईची असायची, आणि रतनबाईच्या वस्तूवर वनमालाची. हे न सांगता ठरलेलं होतं. वनमालानं तिच्याकडं बघितलं. रतनबाई पदराच्या काठाशी काहीतरी शोधत होती. शेजारी करिष्मा बसली होती. तिनं आत्याला कोपरानं ढोसलं. "आत्या, बोला ना!" रतनबाईनं तिचा हात दाबून खाली धरला. पोरगी इकडंतिकडं बघत राहिली.

मोहनरावांनी भोपळा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्यांनाही तो कुठं ठेवावा कळेना. लिलावातली वस्तू बोलीवाचून राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

वनमाला उठली. "आना इकडं, मोहनराव." तिनं भोपळा लेकरासारखा कडेवर घेतला आणि सगळ्यांच्या मधून चालत फाटकाबाहेर पडली.

घरी प्रविणची बॅग भरून खाटेवर होती. त्यानं भोपळ्याकडं बघितलं.

"कुणी घेतला नाही?"

"न्हाई."

"मग भाजी कर. जेवून पुण्याला निघतो."

तिनं भाजी केली. तो दोनदा मागून जेवला. बॅग खांद्याला लावताना त्यानं विचारलं, "तू उभी राहिलीस म्हणे. काय म्हणालीस?"

"काहीच न्हाई म्हनले रे. तुज्याबद्दल एक सबूद न्हाई."

"कळलं मला." त्यानं चपला घातल्या. "काल 'बघू' न म्हणता 'नाही' म्हणाली असतीस तर..." तो तिच्या पायांना हात लावून गेला.

रतनबाई आठवड्यानं आली. तोंड सुजलेलं होतं. उंबऱ्यातच बसली.

"मी कुनाला सांगितलं न्हाई ग, वनू. देवाची आन. मी वहीत लिवलं. वहीत लिवनं म्हंजी सांगनं असतंय का? तूच म्हनलीस, प्रार्थनेत ठेव. शहाऐंशीला लिवलं तवा तू मला मिठी मारली व्हतीस. त्याच हातानं लिवलं की!"

ती खोटं बोलत नव्हती, हे वनमालाला दिसत होतं. भोपळ्याचं मात्र ती बोलली नाही आणि वनमालानंही विचारलं नाही.

"या वक्ती घरात पीठ होतं, रतन," ती म्हणाली आणि आत गेली.

याला आता सात वर्षं झाली.

शांतवन पाळकांची दोन वर्षांनी जालन्याकडं बदली झाली. जाताना ते निरोप घ्यायला आले. दोनदा उठले, दोनदा परत बसले, मग गेले. मोहनरावांच्या पायाला साखरेच्या आजारानं जखम झाली. ड्रेसिंग करायला वनमालाच जायची. ते छताकडं बघत पडून राहायचे, आणि ती काम झालं की हात धुऊन निघायची. पुढं पाय कापावा लागला. लिलाव आता त्यांची सून पुकारते. पेटीवर अजून पांढरं कापड आहे. मोबाइलवरची गाणी सगळ्यांच्या अंगवळणी पडली.

रतनबाई एकवीस सालच्या एप्रिलमध्ये कोरोनानं गेली. मातीला चौघंच होते, तेही प्लॅस्टिकच्या पोशाखात. वनमाला कब्रस्तानच्या भिंतीबाहेर उन्हात उभी राहिली. मैत्रिणीच्या नावानं रडावं, की आपल्या, हे तिला ठरवता आलं नाही. त्या दिवसापर्यंत दोघी एकमेकींना 'सलाम' म्हणत होत्या, त्याहून जास्त काही नाही.

करिष्मा पुण्याच्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं. नाताळला ती नवऱ्याला घेऊन प्रविणकडं जेवायला जाते, आणि करंज्या कशा झाल्या ते वनमालाला फोनवर सांगते. अमरसिंह सिरसाळ्याची आडत भावावर सोडून पुण्यालाच आहे. घरचे लोक विचारणाऱ्याला सांगतात, कंपनीत आहे.

मंडळीचा आता व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. विनंत्या त्यावर येतात आणि लोक खाली जोडलेल्या हातांची चित्रं टाकतात. वही वनमालाच्या ट्रंकेतच आहे. कुणी मागितली नाही.

प्रविण दर रविवारी फोन करतो. एकही रविवार चुकला नाही. पाऊस कसा आहे, गोळ्या घेतल्यास का, नळाला पाणी किती वाजता येतं. तो सगळं विचारतो आणि स्वतःचं काही सांगत नाही. गेल्या साली त्याचं पोटाचं ऑपरेशन झालं, सहा दिवस दवाखान्यात होता. छत्तीस वर्षं सिस्टर म्हणून काढलेल्या आईला ते दोन महिन्यांनी कळलं, तेही अमरसिंहाच्या तोंडून निसटलं म्हणून.

त्या रविवारी तिनं विचारलं, "मला कावून न्हाई सांगितलंस रे?"

तो पलीकडून हसला. आवाज पूर्वीसारखाच गोड होता.

"तू प्रार्थनेत ठेवलं असतंस, आई," तो म्हणाला.